तिला काय विचारता, मी हाय की

“तिला काय विचारता साहेब, मी हाय की!” असं म्हणत अक्का आपल्या पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवायची. हात पडला की पोरगी गप्प. पुढची सगळी उत्तरं अक्काची. इंजेक्शन घेतलं? “घेतलं.” जेवण? “भाकरी, भाजी, मुठीएवढा भात.” झोप? “लई झोपतीया. हलवून उठवावं लागतंय.” एकदा मी पोरीला विचारलं, कितवीत आहेस गं? तेही अक्कानंच सांगितलं, आणि वर “मार्क बी चांगले हायेत” अशी पुरवणी जोडली.

अशी आई तुम्हीही पाहिली असेल. कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर एक तरी असतेच. आपण तिला हसतो आणि मनातून बरंही वाटतं, की या लेकराचं काही वाईट होणार नाही.

सात रस्त्याच्या जवळच्या आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी मधुमेही मुलांची ओपीडी भरते. या मुलांना लहानपणीच हा आजार जडलेला असतो. रोज सुई टोचून घ्यायची, आणि तीही जन्मभर. मी तिथे समुपदेशक आहे. मुलांशी आणि घरच्यांशी बोलायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. स्वभावाने मी अबोल. पण ऐकण्यात आपण तयार आहोत, अशी माझी समजूत होती.

अक्का घरी कडक भाकऱ्या करून दुकानांना पुरवायची. तिच्या हाताला चुलीचा वास असायचा. पोरीची साखर अचानक उतरली तर म्हणून कमरेच्या पिशवीत कायम खडीसाखर. ओपीडीत एखादी नवी आई रडायला लागली की अक्का तिच्या शेजारी सरकायची. “रडू नगंस. मी बी लई रडले. डोळं सुजले, दुसरं काय झालं न्हाय. आता बघ ही माझी, दृष्ट काढावी अशी झालीया.” आणि त्या बाईच्या हातावरही खडीसाखरेचा खडा ठेवायची. मधुमेहाच्या दवाखान्यात साखर वाटत फिरणारी ही एकटीच. सिस्टर ओरडल्या की म्हणायची, “ती आईसाठी हाय हो, पोरासाठी न्हाय.”

माणसं अक्कलकोटकडची, घरात कन्नड बोलणारी. मायलेकी आपसात कन्नडच बोलायच्या, आणि माझ्यासमोर बोलायच्या तेव्हा बहुतेक माझ्याबद्दलच. मी कागद चाळत असताना अक्का पोरीला म्हणायची, “याचं तोंड बघ, पाण्यात भिजलेली भाकरी.” पोरगी ओठ चावून हसू दाबायची. एकदा म्हणाली, “बायको माहेरी गेलेली दिसते. कॉलर बघ.” बायको खरंच माहेरी गेली होती.

मला प्रत्येक शब्द कळायचा. माझी मातृभाषा कन्नड आहे.

हे दवाखान्यात कोणालाच माहीत नव्हतं. लहानपणी सोलापूरच्या शाळेत माझ्या मराठीची पोरं नक्कल करायची, तेव्हापासून मी घराबाहेर कन्नड बोलणं सोडलं. नोकरीला लागलो तेव्हा मेट्रननी विचारलं, “कन्नड येतं का?” ज्याला येतं त्याला प्रत्येक वॉर्डातून हाका येतात, हे दिसत होतं. मी म्हणालो, “नाही.” एकदा नाही म्हटलं ते म्हटलं. पुढे त्यातही मजा वाटायला लागली. समोरचा आपल्याला परका समजून मोकळं बोलतो, आणि आपण कागदात डोकं घालून आतल्या आत हसतो. अक्काच्या गुरुवारची मी वाट बघायचो.

मग नव्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी सांगितलं, “आपण मुलांची साखर बघतो, डोळे बघतो, किडनी बघतो. मन कोणीच बघत नाही. जन्मभराचा आजार घेऊन जगणारं पोर आतून खचलेलं असू शकतं, आणि हसतही असू शकतं.” त्यांनी प्रश्नांचा एक कागद दिला. मन उदास असतं का, कशात रस वाटत नाही का, असे साधेच प्रश्न. शेवटचा प्रश्न मात्र, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का, हा. मॅडमनी एक गोष्ट दोनदा बजावली. मोठ्या मुलांना एकटं विचारायचं. आईबाप दाराबाहेर.

त्या गुरुवारी मी अक्काला म्हणालो, “अक्का, जरा बाहेर बसता का? हिला काही विचारायचंय.”

“मला सोडून? तिला काय विचारता, मी हाय की!”

मी हसलो. म्हटलं, बसू दे. बाहेर गर्दी होती, आणि या पोरीचा काही प्रश्नच नव्हता. अक्काची पोरगी होती ती!

मी एकेक प्रश्न वाचला. अक्कानं एकेक उत्तर दिलं. उदास? “छ्या!” रस? “मोबाईलमधी लई रस हाय.” आम्ही दोघंही हसलो. पोरगी हसली नाही. ती शाळेत मराठीच शिकत होती, माझं सगळं तिला समजत होतं. शेवटचा प्रश्न वाचला, तेव्हा तिनं माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, “दिना अनस्तद.”

रोज वाटतं.

अक्काचा हात गुडघ्यावर घट्ट झाला. “सुम्मनिर,” ती म्हणाली. गप्प बस. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्याच आवाजात, “न्हाय म्हणतीया साहेब. जरा अभ्यासाचं टेन्शन हाय, एवढंच.”

तुम्हाला वाटेल, मी दचकलो असेन. दचकलो. आणि तरी माझा हात चालत राहिला, अक्कानं सांगितलं तेच मी लिहिलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं चेहरा जसाच्या तसा, काही न कळल्याचा. मनात काय आलं तेही सांगतो. ती मला थोडीच म्हणाली, आईला म्हणाली. आईनं ऐकलंय, आई बघेल. आणि आता मला कळलं असं म्हटलं, तर इतकी वर्षं आपण ऐकत होतो हे उघडं पडेल. एका पोरीच्या जिवापुढे मला माझी लाज मोठी वाटली. मी म्हणालो, “ठीक आहे अक्का, पुढच्या महिन्यात या.”

पुढचा महिना उजाडायच्या आत पोरीला रिक्षातून आणलं. बेशुद्ध. तिनं इन्सुलिन घेणं बंद केलं होतं. रोज घेतल्याचं आईला भासवत होती, आणि आई रोजच्यासारखी भाकऱ्या थापत होती. मी खाली आलो आणि स्ट्रेचरच्या वाटेतच उभा राहिलो. कोणीतरी “सर, बाजूला व्हा” म्हणून मला ढकललं. पोरीचा एक हात स्ट्रेचरबाहेर लोंबत होता, आणि अक्का तो उचलून पुन्हा पुन्हा तिच्या मांडीवर ठेवत होती.

आयसीयूबाहेरच्या बाकावर ती एकटी बसली होती. बाप गावाकडे निरोप द्यायला गेलेला. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडून कन्नडच निघालं. “अक्का, त्या दिवशी ती काय म्हणाली ते मला कळलं होतं.”

तिनं मान वळवली. पहिल्यांदा तिला माझे शब्द कळलेच नाहीत, आवाजच कळला. “बरतद?” तिनं विचारलं. येतं तुम्हाला?

“येतं. पहिल्यापासून.”

मी शिव्यांची वाट बघत होतो. कॉलर धरली असती तरी चाललं असतं. ती कन्नडमध्येच म्हणाली, “मला वाटलं होतं, ते मी एकटीनंच ऐकलंय.”

एवढंच. मग भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, “पोरीची जात. आधीच शुगर म्हणून लोक नावं ठेवतात. त्यात डोक्याचं म्हणून कागदावर चढलं तर पुसता येतंय का? म्हटलं, मीच सांभाळीन. रात्री जवळ घेऊन झोपायची मी तिला. तुम्ही तरी बोलायचं होतं.”



पोरगी वाचली. ती शुद्धीवर आल्यावर मॅडमनी अक्काला केबिनमध्ये बोलावलं, मलाही. मॅडम चिडल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. “या प्रश्नांच्या वेळी मुलगी काहीच बोलली नव्हती?”

आता सगळं बाहेर येणार होतं. मला आठवतं, मी तोंड उघडलं होतं.

अक्का बोलली. “बोलली व्हती की. मला. आमच्या भाषेत. मी दाबून टाकलं. ह्यांना काय बोलू नगा मॅडम, ह्यांना काय कळणार? ह्यांना कन्नड येत न्हाय.”

हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती दया होती, तिरस्कार होता, की जिचं लेकरू वाचलं तिला आता दुसऱ्या कोणाला बुडवायचं नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. मॅडम मला म्हणाल्या, “तुमचा दोष एवढाच, की आईला बाहेर बसवलं नाही.” मी मान हलवली. दुसऱ्यांदा गप्प बसलो. मॅडम, तुम्ही हे वाचाल. ते खोटं होतं.

पोरीला मनाच्या डॉक्टरांचे उपचार सुरू झाले. नंतरच्या पहिल्या गुरुवारी अक्का दारापर्यंत आली, मी काही म्हणायच्या आत पोरीला आत ढकललं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसली. खडीसाखरेची पिशवी मात्र पोरीच्या हातात दिली.

मी दार लावलं आणि कन्नडमध्ये विचारलं, “कशी आहेस?”

पोरीनं पिशवी मांडीवर ठेवली. आईला ती अव्वा म्हणायची. “अव्वानं सांगितलं, तुम्हाला येतं म्हणून.” मग पिशवीशी चाळा करत, “मग ते भाकरीचं पण कळलं होतं?”

“कळलं होतं. कॉलरचं पण.”

ती हसली. ओठ न चावता हसताना मी तिला पहिल्यांदा बघितलं.

आता तिला अठरा पूर्ण झाली आहेत. ती मोठ्यांच्या ओपीडीत जाते, एकटीच जाते म्हणे. गुरुवारी अक्का येत नाही. रडणाऱ्या नव्या आयांच्या हातावर कोणी खडीसाखर ठेवत नाही. मी मेट्रनना सांगितलंय की मला कन्नड येतं. आता प्रत्येक वॉर्डातून हाका येतात, आणि मी जातो.

डोळ्यांपुढे येतात ते अक्काचे शेवटचे काही गुरुवार. दवाखान्याची दारं पातळ, आतलं बाहेर ऐकू जातं. म्हणून अक्का बाहेर मुद्दाम मोठ्यानं बोलायची, तेही मराठीत. भाकरीचं पीठ, शेंगाचटणी, कोणाची सून, काहीही. आत मी एकेक प्रश्न विचारायचो आणि बाहेर तिचा आवाज धबधब्यासारखा चालू असायचा. मी शेवटच्या प्रश्नाला आलो, की तो आवाज एकदम थांबायचा.

मग पोरगी उत्तर द्यायची. मीही थांबलेला असायचो, आणि दाराबाहेर तीही.