तुटायलाच हवी अशी कडी

सातवी कडीसुद्धा वेळेवर तुटली नाही. मशीनवरचा आकडा हजार किलोच्या पुढं गेला, तसा ऑपरेटर भानुदास खुशीत म्हणाला, "मॅडम, लई टणक माल निघाला!"

मी मशीन थांबवलं. हा माल टणक निघून चालणारच नव्हता.

चितेगावच्या एका प्लास्टिक कारखान्यात मी क्वालिटी बघते. ही कडी अमेरिकेला जायची. तिथले कोळी लॉब्स्टरचे पिंजरे समुद्राच्या तळाशी सोडतात. पिंजऱ्यापासून पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटपर्यंत दोर असतो. त्या दोरात व्हेल अडकतो. त्याला श्वासासाठी वर यावं लागतं. गुरफटला की बुडून मरतो, नाहीतर कित्येक महिने दोर ओढत झिजून मरतो. त्यांची एक जात आता थोडीच उरलीय. म्हणून तिथं नियम आला. दोरात अशी कडी हवी, जी साधारण पावणेआठशे किलो ताणाला तुटेल. पिंजरा ओढताना टिकेल, व्हेलनं हिसका दिला की सुटेल.

आमच्या परचेस खात्यानं कुणाला न विचारता प्लास्टिकच्या दाण्याची ग्रेड बदलली होती, त्यानं कडी जास्त टणक झाली. माल पॅक होऊन कंटेनरची वाट बघत होता.

मी प्लँट हेड देसाईसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"माल मजबूत आहे म्हणून रिजेक्शन? डोकं ठिकाणावर आहे ना, मॅडम?"

"सर, ही कडी तुटण्यासाठीच केलीय."

"तिकडचे कोळीच या कायद्यावर चिडलेत. कडी तुटली की पिंजरा गेला. मजबूत निघाली तर दुवा देतील आपल्याला."

"आणि व्हेल?"

"व्हेल काय आपल्या धरणात, नाथसागरात येतोय का? मागच्या लॉटचा रिपोर्ट जोडा आणि सही करा."

माझं डोकंच सणकलं. कोळ्यांचा राग मला कळतो, त्यांचं पोट त्यावर आहे. पण ते बिचारे कायदा पाळायला म्हणून ही कडी घेणार, आणि आम्ही त्यांच्याच हातात खोटा माल देणार! उद्या तपासणीत सापडले तर गुन्हेगार तेच.

मी सही केली नाही. साहेबांनी स्वतः केली आणि कंटेनर गेला.

घरी नवरा म्हणाला, "नोकरीवर बेतेल, बघ." मला भीती वाटत होतीच. तरी सकाळी ऑफिसला पोचताच सातही कड्यांचे आकडे कस्टमरला मेल केले.

माल बंदरातूनच परत आला. सगळा दळून टाकला. कस्टमरनं कंपनीच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करणारं पत्र पाठवलं. साहेबांनी ते मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं, टाळ्या घेतल्या. त्याच दुपारी माझ्या टेबलावर मेमो आला: परवानगीशिवाय कस्टमरशी पत्रव्यवहार.

मेलच्या सीसीत मी साहेबांना ठेवलं होतं, त्यामुळं मेमोत 'लपवून' हा शब्द घालता आला नाही. खरं बोलायचं असेल, तर उघड बोलावं. नोकरी तेवढ्यानंच वाचली.