आमची खोली, भावजींचं बावखल

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आगाशीच्या आमच्या केळीच्या वाडीत मी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, ठेवायला पक्की खोली बांधली, तेव्हा देवाने सगळी अक्कल माझ्याच अंबाड्यात खोचून पाठवलीय, असं मला वाटायचं. शेतजमिनीवर विनापरवाना बांधकाम म्हणून दंडाची नोटीस आली.

"जमीन माझी, विटा माझ्या. सरकारच्या पोटात का दुखतं?" मी अंगणात कडाडले.

आमचे हे शाळामास्तर. चष्मा पुसत म्हणाले, "असं मानणारा एक विचारपंथच आहे. स्वातंत्र्यवाद म्हणतात. आपल्या मालमत्तेचं माणसाने हवं ते करावं, दुसऱ्याला इजा होत नाही तोवर."

मी वाक्याचा पहिला भाग उचलला आणि तहसील कचेरीत जाऊन कारकुनाला ऐकवला. त्याने शांतपणे दंड भरून घेतला. खोली होती तिथेच राहिली. मग शिक्षा नेमकी कशाला झाली, हे मला काही उमगलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतल्या चुलत दिरांनी त्यांचं बावखल बुजवायला काढलं. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं वाडीतलं तळं. ते पाणी जमिनीत मुरतं म्हणून आमच्या विहिरी गोड्या. समुद्र काय, हाकेवरच आहे.

"भावजी, माझी विहीर खारी होईल हो!"

"जमीन माझी, भरणी माझी. तुमचंच पाठ केलंय, वहिनी."

मी पदर खोचून पुन्हा कचेरीत. कारकुनाने ओळखलं. "काय काकू, आज कोणाच्या बाजूने?"

"आज सरकारच्या!"

भावजींना दंड झाला. मी पेढे आणायच्याच बेतात होते. त्यांनी दंड भरला आणि लगेच दुसऱ्या दिवशी डंपर परत हजर.

पुढे बावखल बुजलं आणि माझ्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजेना.

"जमिनीखालचं पाणी कुणाच्या मालकीचं हो?" मी ह्यांना विचारलं. "आणि माझ्या खोलीने कुणाला इजा झाली?"

"खोलीखालीही पूर्वी पाणी मुरतच होतं ना?"

आता एवढ्याशा खोलीखाली कितीसं मुरणार! पण भावजीही म्हणायचे, एवढंसं तर बावखल. खोली पाडू की राहू दे, हे माझं अजून ठरलेलं नाही. डाळ मात्र नळाच्या पाण्यात शिजवते.