पोलादपूरच्या मोरीत नवी विंच

वाई-महाड एसटीत मी खोकं मांडीवर घेऊन बसले होते. बस पसरणी घाटाला लागली तसं शेजारच्या आजोबांनी विचारलं, "केक आहे का?"

"नाही, गाडी आहे. रिमोटची."

"नातवाला?"

"मलाच."

आजोबांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि मग थेट महाबळेश्वर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

मी वाईत दातांचा दवाखाना चालवते. तीन वर्षांपूर्वी मला क्रॉलरचा (दगडधोंड्यांवरून रांगत चढणाऱ्या रिमोटच्या गाडीचा) नाद लागला. माझी गाडी साधारण मांजराएवढी आहे. या खेपेला तिला मऊ रबराचे नवे टायर घातले होते, टपावर बोटाच्या पेराएवढा कॅमेरा बसवला होता आणि पुढे विंच लावली होती. विंच म्हणजे हुक लावलेली दोरी आणि ती गुंडाळणारी छोटी मोटर. गाडी अडकली की दोरीचा हुक झाडाला अडकवायचा आणि बटण दाबायचं. मग गाडी स्वतःला ओढून काढते, असं खोक्यावर लिहिलं होतं.

हे सगळं वाईच्या घाटावर तपासता आलं असतं, पण तिथे प्रत्येक पायरीवर माझा एक पेशंट बसलेला असतो. खेळण्यातल्या गाडीमागे ओणवी होऊन पळणारी बाई आपली अक्कलदाढ काढणार आहे हे त्यांनी बघितलं की दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंटा रद्द होतात. म्हणून ज्यांच्या तोंडात मी कधी डोकावले नाही अशा लोकांत जायचं ठरवलं. महाडला माझा थोरला भाऊ राहतो. रवीदादा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर आहे.

आंबेनळी घाटाच्या वळणांवर खोकं तीनदा आजोबांच्या मांडीवर गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते धरूनच ठेवलं. पोलादपूरला उतरताना ते परत देत म्हणाले, "जपून चालवा." चेष्टा होती की काळजी, कळलं नाही.

महाडच्या स्टँडवर मे महिन्याचं ऊन नुसतं ओतत होतं. रवीदादा मला घ्यायला आला होता आणि उभ्या मोटरसायकलवर बसल्या बसल्या झोपला होता. रात्रपाळी असली की तो दिवसा कुठेही झोपतो. त्याला हलवून उठवलं, चवदार तळ्यावरून त्याच्या घरी गेलो आणि वहिनीच्या हातची तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कोकमाचं सार यांवर आडवा हात मारला.

संध्याकाळी गच्चीवर पहिली चाचणी घेतली. मऊ टायरची पकड उत्तम होती. इतकी उत्तम, की खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी वाळत घातलेल्या कुरडया टायरांनी एकेक उचलून घेतल्या. गाडी परत आली तेव्हा चारही चाकांवर झालरी होत्या. काकू वर आल्या, त्यांनी गाडीकडे बघितलं आणि मग दादाला म्हणाल्या, "रवी, या वयात?" दादाने मान खाली घातली. मीही खाली घातली, पण गाडी माझी आहे हे काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून आलेल्या दादाला चहा पाजून मी मोटरसायकलवर मागे बसले. त्याच्याबरोबर कामाला असलेल्या तुकारामची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. तिथला पऱ्या (लहान ओढा) उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि त्यात हत्तीएवढे दगड आहेत, असं दादा म्हणाला होता. शिवाय तुकारामच्या मुलीची, सोनालीची, त्याच संध्याकाळी हळद होती आणि आम्हा दोघांना आमंत्रण होतं. दादा झोपू नये म्हणून मी सबंध रस्ताभर त्याला पाढे विचारत होते. सतरापर्यंत आलो तेव्हा वाडी लागली.

तिथे मांडव तयार होता, पण पाणी नव्हतं.

"वरच्या झऱ्याचं पानी पाइपानं आनतो आमी," तुकाराम सांगू लागला. तो मला सोडून दादाशीच बोलत होता. "पाइप रस्त्यावरनं टाकला तर डंपर चिरडून जातात. मोरीतनं घालायचा म्हनून कालपासनं झटतोय. बांबू निम्म्यात अडकतो."

मोरी म्हणजे रस्त्याखालून पावसाचं पाणी जायला घातलेला सिमेंटचा पाइप. हा जेमतेम दीड हात रुंद आणि तीसेक हात लांब होता. आत माणूस मावत नव्हता, आणि सापाच्या भीतीने हात घालायलाही कोणी तयार नव्हतं.

"रवीभाऊ, तुमच्या त्या गाडीला सुतळी बांधून पलीकडं न्हेता येईल काय?"

"गाडी माझी आहे," मी म्हणाले.

तुकारामने दादाकडे बघितलं. दादा उभ्याने झोपला होता. तेव्हा नाइलाजाने तुकाराम माझ्याकडे वळला.

मोरीचं वरचं तोंड रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला होतं. तिथे मी सुतळी गाडीच्या मागे बांधत असताना तुकारामची बायको सुमन माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिला विचारलं, "खालचं तोंड कुणाच्या परसात उघडतं? तिथे कुणीतरी उभं राहायला हवं."

सुमनने खालच्या एका घराकडे हनुवटी उडवली.

"तिच्या," सुमन म्हणाली.

"ती" म्हणजे धाकटी जाऊ शेवंता. घरं भिंतीला भिंत लागून, पण तीन आठवडे दोघींत शब्द नव्हता. सुमनची तांबडी कोंबडी नाहीशी झाली आणि त्याच संध्याकाळी शेवंताच्या घरून रश्श्याचा वास आला. सुमन अंगणात उभी राहून बोलायचं ते बोलली. शेवंताने दार लावून घेतलं. ती हळदीलाही येणार नव्हती. आणि लहानपणापासून काकीच्या कडेवर वाढलेली सोनाली सकाळपासून घरात तोंड फिरवून बसली होती. काकी आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही म्हणत होती.

"कोंबडी खाल्ली ती खाल्ली," सुमन म्हणाली, "वर आमालाच तोंड दाखवत नाय!"

मी गाडीचे दिवे लावले आणि ती आत सोडली. फोनवर कॅमेऱ्याचं चित्र दिसत होतं आणि माझ्या खांद्यांवर निम्म्या वाडीच्या हनुवट्या टेकल्या होत्या. टायर दगडांवरून झकास चढत होते. बांबू जिथे अडत होता ती धोंड्यांची रास गाडीने पार केली तेव्हा मागून टाळ्या पडल्या. मी मान वळवून नम्रपणे हसून घेतलं.

तेवढ्यात पडद्यावर दोन पिवळे डोळे चमकले.

"बिबट्या!" कोणीतरी ओरडलं आणि माझ्या खांद्यांवरच्या सगळ्या हनुवट्या एकदम गेल्या. लोक रस्ता ओलांडून मांडवात पोचले. त्या गलक्याने दादाला जाग आली. "दीड हाताच्या मोरीत बिबट्या?"

"पिल्लू असंल!" मांडवातून आवाज आला.

जागची हलली नव्हती ती फक्त सुमन. ती फोनवर इतकी वाकली होती की तिचं कपाळ मला लागत होतं. पडद्यावर डोळे जवळ आले, मग एक चोच आली, मग नुसती पिसंच पिसं. दणादण टोचा बसू लागल्या. चित्र गर्रकन फिरलं आणि आडवं झालं. गाडी कुशीवर पडली होती.

"गो बाय," सुमन पुटपुटली. "ही तर माझी खुडूक!"

खुडूक म्हणजे अंड्यांवर बसलेली कोंबडी. आडव्या पडद्यावरून ती उजेडाकडे पळाली आणि तिच्या मागून पिवळे गोळे गेले, एकामागून एक, नऊ.

मी रिमोट आणि फोन घेऊन रस्ता ओलांडून खाली धावले. माझ्या मागे सुमन, आणि बिबट्या नाही हे कळल्यावर उरलेली वाडी. खाली परसात शेवंता तांदळाची कणी पाखडत उभी होती. तिच्या पायांशी तांबडी आपल्या नऊ पिल्लांना घेऊन कणी टिपत होती.

"बघा!" मागून एक म्हातारा ओरडला. "हिच्याचकडं होती कोंबडी!"

शेवंताने कणी पाखडणं थांबवलं. तिने सूप खाली ठेवलं. मी काही बोलण्याआधीच सुमन म्हातारबांवर उलटली. "गप बसा तुमी! ती मोरीत होती. मी ह्या डोळ्यांनी बघितली. डाक्टरीनबाईंच्या फोनात हाय समदं!"

मी ते चित्रण सगळ्यांना दाखवलं. म्हाताऱ्याने ते दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा नुसता पिल्लांचा भाग दाखवायला सांगितला.

"तरी म्हनलं, माजी कनी रोज कोन खातंय," शेवंता कोणाकडेच न बघता म्हणाली. "मी कावळ्यांना शिव्या घालते हाय तीन आठवडं."

सुमन पदराशी चाळा करत होती. "हळद दळायची हाय," ती म्हणाली. "जातं तुझ्याकडं हाय."

"आदी सांगा वयनी, कोंबडी कुनी खाल्ली?"

"कुनी नाय."

"मोठ्यानं."

"कुनी नाय खाल्ली!" सुमन इतक्या जोरात ओरडली की तांबडी पिल्लं घेऊन सुपामागे गेली.

एवढं सगळं झालं तरी गाडी आतच होती. तोंडापासून आठेक हात आत, कुशीवर, हवेत चाकं फिरवत. शेवंताने आंबे काढायची आकडी आणली, जमिनीवर पालथी पडली आणि तिने विंचचा हुक पहिल्याच फटक्यात पकडला. मी दोरी सोडायचं बटण दाबलं. तिने ती ओढून बाहेर आणली आणि हुक दोन्ही हातांनी धरून पाय रोवून उभी राहिली.

"आता?"

"आता घट्ट धरा."

मी बटण दाबलं. मोटर कुरकुरली, दोरी ताणली गेली, आणि माझी गाडी कुशीवर घसटत, पिसं मिरवत उजेडात आली. तिच्या मागोमाग सुतळीही आली. सुतळीने दोर ओढला, दोराने पाइप, आणि अर्ध्या तासात मांडवाच्या पिंपात पाणी पडू लागलं. तुकारामने दादाचे दोन्ही हात धरून आभार मानले.

संध्याकाळी सोनालीला पहिली हळद शेवंताने लावली. नंतर मलाही लावली, गाडीच्या टपालाही लावली. कुळथाचं पिठलं, भात आणि करवंदाचं लोणचं खाऊन आम्ही अंधार पडायच्या आत निघालो. परतीला पाढे दादाने मला विचारले. एकोणिसाला मी अडकले.

पऱ्यातले हत्तीएवढे दगड बघायचे राहूनच गेले. वाईला परत आल्यावर मी कॅमेऱ्यातलं कार्ड बघत बसले होते. खरं तर हा सगळा खटाटोप नवं सामान कसं चालतं ते बघण्यासाठी होता, आणि ते चांगलं चाललं, असं मी गाडीच्या वहीत लिहून टाकलं. मग लक्षात आलं, गाडी बाहेर आल्यावर मी कॅमेरा बंद करायलाच विसरले होते. मी मांडवात पाणी बघायला गेले तेव्हा गाडी शेवंताच्या ओट्यावर होती आणि कॅमेरा चालूच होता. चित्रात दोन जोडी पाय आणि जात्याचा खुंटा. दोघी जावा दळत बसल्या होत्या.

"तीन आठवडं च्या गोड लागला नाय," शेवंताचा आवाज.

"मग बोलली का नाय?"

"तुमी बोलला काय?"

जात्यात हळकुंडाची आणखी एक मूठ पडली. माझं तिथे काही काम नव्हतं म्हणून मी बंद करणार, तोच सुमन म्हणाली, "ती डाक्टरीन बघितली काय गो? येवढी बाई, आन् गाडी गाडी खेळते."

मी बोट आवरलं.

"खेळंना का," शेवंता म्हणाली. "आपुन पन कायतरी खेळायला पायजे व्हतं, वयनी."

जातं थांबलं. आणि मग दोघी जी हसत सुटल्या, त्या कॅमेऱ्याची बॅटरी संपेपर्यंत.