डावा खांदा

त्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता, हे फक्त माझ्या बाबांना ठाऊक होतं.

आम्ही मूळचे आमोणे गावचे. लग्नानंतर बाबा आईला घेऊन आफ्रिकेत गेले आणि तिथल्या एका गावात त्यांनी शिंप्याचं दुकान टाकलं. माझा जन्म तिकडचाच. तो माणूस तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होता. देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास तो राजधानीला निघाला, तेव्हा बाबांनी त्याला पहिला कोट शिवला आणि त्याला न सांगता डाव्या खांद्यात कापसाचा जास्तीचा थर भरला. त्याच कोटात त्याने राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. फोटोत खांदे कसे सरळ! बाबांनी तो फोटो दुकानात गणपतीच्या शेजारी टांगला.

मी आठ वर्षांचा होतो, तेव्हा याच उपटसुंभाने रेडिओवरून फर्मान काढलं: परदेशी दुकानदारांनी महिन्याभरात चालतं व्हावं. शेजाऱ्यांनी सामान बांधायला घेतलं. बाबा मात्र त्याच्यासाठी नवा कोट शिवत बसले. माझा कोट घालणारा माणूस मला हाकलेलच कसा, अशी त्यांची भाबडी खात्री. कोट तयार झाल्यावर तो घेऊन ते राजधानीला गेले आणि चार दिवस त्याच्या बंगल्याच्या फाटकाशी उभे राहिले. ओळख पटावी म्हणून गळ्यात टेप. चौथ्या दिवशी आतून एक शिपाई आला, कोट घेतला आणि फाटक लावून घेतलं. बाबा घरी आले तोवर महिना संपत आला होता. शिलाईचं मशीनसुद्धा तिथंच राहिलं.

आम्ही मुलखात परतलो आणि आमोण्याजवळच्या साखळीच्या बाजारात बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तो तिकडे गोचिडासारखा सत्तेला चिकटून बसला. विरोधकांना त्याने तुरुंगात कुजवलं. गावोगाव शाळा बांधल्या हेही खरं, पण ते कबूल करताना माझी जीभ जड होते. पेपरात त्याचा फोटो आला की बाबा भिंग काढत. दुसऱ्या शिंप्यांनी शिवलेले कोट डावीकडे हटकून पडलेले असत. "लटकलो बघ!" फोटोतल्या खांद्यावर बोट ठेवून बाबा खूश होऊन म्हणत, आणि त्या दिवशी चहाबरोबर एक पाव जास्त खात.

दिवाळीला आमच्याकडे वाड्यावाड्यांवर, म्हणजे वस्तीवस्तीत, नरकासुराचा पुतळा उभा करतात आणि पहाटे जाळतात. बाकीच्यांचे नरकासुर माडाएवढे; आमच्या वाड्याचा मात्र बाबांच्या हट्टापायी माणसाएवढाच. त्याचा कोट बाबा शिवायचे, त्या माणसाच्या मापाने. फोटोत पोट सुटलेलं दिसलं की कंबर दोन इंच वाढायची. डावा खांदा मुद्दाम पाडलेला. बाबा गेल्यावर हे काम मी घेतलं. पुढे तो निवडणूक हरला, म्हातारा झाला, वाळला. मी त्याला बारीक होऊ दिलं नाही.

यंदा दिवाळीच्या पंधरा दिवस आधी तो मेला. नव्वदी ओलांडून, स्वतःच्या बिछान्यात, नातवंडांच्या गराड्यात. मी दुकानात बसून मोबाईलवर त्याची अंत्ययात्रा पाहिली. तोफा झाल्या, माणसं धाय मोकलून रडली, कुणी त्याला शिक्षणाचा जनक म्हणालं. शवपेटी उघडी होती. संग्रहालयातून शपथविधीचा कोट खास काढून त्याला घातलाय, असं निवेदिका सांगत होती. खांदे अगदी सरळ. तो कोट कुणी शिवला, याचा चकार शब्द नाही. माझा बाप मेल्यावरही त्याला सावरून धरत होता! मी मोबाईल बंद करून उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतलं काळं कापड काढलं. यंदा पडका खांदा नको होता. त्याचं जुनं माप मला तोंडपाठ होतं. रेशमी अस्तर लावलं, काजं हाताने केली, डाव्या खांद्यात कापसाचा थर भरला. फाटकातून आत गेलेला तो दुसरा कोट मी जसाच्या तसा शिवला. इतका चांगला कोट मी आयुष्यात शिवलेला नाही.

आई आता सत्त्याऐंशीची आहे. तिने कोटाच्या खांद्यावरून हात फिरवला आणि लगेच ओळखलं.

"पुता, हो तुज्या बापायचो हात. हो जाळूं नाका. तो आतां मेलो न्हय?"

"ताणें दोन कोट न्हेले, आई. हो तिसरो तरी आमच्याच हातांनी जळूं दी."



पहाटे मी पुतळ्याला कोट चढवला, बटणं लावली आणि स्वतः काडी लावली. आई खुर्चीवर बसून बघत होती. आधी उजवी बाही गेली, मग डाव्या खांद्यातला कापूस भडकला.

"कोट बरो बसल्लो रे," आई म्हणाली.

कोट चार मिनिटांत राख झाला. बाबा त्या फाटकाशी चार दिवस उभे होते. पुढच्या वर्षी पुन्हा शिवणार आहे.