न्यायपंच कुठं जेवले?

तुमच्या गावानं न्यायपंचायतीवर कोणाला पाठवलं आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? आणि त्यालाच का पाठवलं?

भूम तालुक्यातल्या बिरू मेंढपाळाला ठाऊक नव्हतं. धाराशिवच्या कोर्टात तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा न्यायपंचायतीनं त्याला चोर ठरवून टाकलं होतं. दाजीराव नावाच्या बड्या शेतकऱ्याच्या गंजीतला कडबा चोरला, हा आरोप.

"दंडाचं काय न्हाय, वकीलसाब. तेवढं चोर नाव काढा," तो म्हणाला.

उन्हाळ्यात रिकाम्या रानात मेंढ्या बसवतात. कळप मुक्कामाला राहिला की जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं आणि शेतकरी त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य देतो. बिरूचं घर त्यावरच चालायचं. चोर ठरलेल्या माणसाला आपल्या रानात मुक्काम कोण करू देईल?

न्यायपंचायत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. चार गावांचा गट करतात. प्रत्येक गावची ग्रामपंचायत एकेक माणूस निवडून देते. ही माणसं किरकोळ चोऱ्या, भांडणं, बांधावरच्या कुरबुरी ऐकून निकाल देतात. तिथं वकिलाला उभं राहता येत नाही. नेहमीसारखं अपीलही नाही. फार तर वरच्या कोर्टात फेरतपासणीचा अर्ज करायचा. म्हणजे ग्रामपंचायतीतला तुमचा मेंबर ज्याच्यासाठी हात वर करतो, त्याच्या तोंडून निघालेला शब्द बहुतेक वेळा शेवटचाच असतो.

आता गंमत पाहा. बिरूच्या गावानं निवडून दिलेला न्यायपंच खुद्द दाजीरावच होता! निवड बिनविरोध झालेली. मी एका मेंबरला विचारलं, "त्यांनाच का निवडलं?"

"आवो, बाहेरगावचे पंच येत्यात. त्यांची उठबस करायला घर मोठं नको का?"

आपल्याच फिर्यादीत न्याय द्यायला बसू नये, हा कायदा दाजीरावानं पाळला. त्या दिवशी तो पंचांमध्ये बसला नाही. बाकीच्या पंचांना मात्र सुनावणीआधी त्यानं आपल्या घरी जेवायला नेलं. पानं उठली, विडे झाले आणि मग बिरूला आत बोलावलं. साक्षीदार एकच, दाजीरावाचा सालगडी. बिरूचं म्हणणं कोणी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

मी अर्जात जेवणाचा मुद्दा पहिला घातला. दाजीरावाचे वकील माझ्या वडिलांच्या वयाचे. वकिलांच्या खोलीत सगळ्यांसमोर ते म्हणाले, "अरे बाबा, भाकरी घातली म्हणजे काय लाच दिली? पत्रकं वाटून वकील झालास, म्हणून कोर्ट पत्रकावर चालेल का?"

सगळे हसले. निजामी राजवटीविरुद्धची पत्रकं मी शाळेत असताना वाटली होती, ते खरं आहे. अशानं माणूस न्याय मागायला शिकतो, एवढाच त्याचा दोष.

सुनावणीच्या दिवशी पुकारा व्हायच्या आधी बिरू हळूच म्हणाला, "साब, येक सांगायचं ऱ्हायलं. त्या जेवनाला कोकरू म्याच दिलं हुतं."

मी हादरलो. "तू? तुझ्याच खटल्यात?"

"दाजीरावाचा मानूस आला. पंच येत्यात म्हनला, कोकरू दे. दरसाल देतोच की. न्हाय कसं म्हनायचं?"

झालं! समोरचे वकील आता म्हणणार, लाच दिली असेल तर आरोपीनंच दिली. लपवावं का? मनात आलं. पण ज्या न्यायपंचायतीवर मी बोट ठेवत होतो, तिच्यासारखंच वागून न्याय कसा मागणार?

कोर्टात समोरच्या वकिलांनी सांगितलं, "हुजूर, जेवणाची गोष्ट बनावट आहे. रेकॉर्डवर एक शब्द नाही."

मी उभा राहिलो. "जेवण झालं, साहेब. त्यातलं कोकरू माझ्या अशिलानं दिलं होतं."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "आपण कोणाच्या बाजूनं बोलता आहात?"

"झालं तसं सांगतोय, साहेब."

त्यांनी बिरूला विचारलं, "कोकरू का दिलंस?"

"न्हाय दिलं असतं तर पंच काय म्हनले असते, सरकार?" बिरू म्हणाला. "आन् दारात आलेल्या मानसाला उपाशी कसं ठिवायचं?"

मग साहेब दाजीरावाकडं वळले. "पंच जेवले कुठं?"

वकील त्याला डोळ्यांनी खुणावत होते. पण दाजीरावाला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. उलट अभिमानानं म्हणाला, "माझ्याकडं! मग काय देवळाच्या पायरीवर जेवू घालायचं? आमच्या गावात पाहुण्याची अशी आबाळ व्हत न्हाय."

"ते पाहुणे नव्हते," जज्जसाहेब म्हणाले.

कोर्टात कोणी हसलं नाही.

निकाल रद्द झाला. खटला भूमच्या कोर्टात नव्यानं चालला. तिथं शपथेवर उलटतपासणी झाली, तेव्हा सालगडी म्हणाला, "म्या डोळ्यानं काय बघितलं न्हाय. मालक म्हनले, तसं बोललो." बिरू निर्दोष सुटला.

पण तोवर उन्हाळा सरला होता. त्या उन्हाळ्यात त्याच्या मेंढ्या कोणीही रानात बसवल्या नाहीत. कोर्टानं काढलेलं चोर हे नाव गावानं काढलं नाही. बिरू कळप घेऊन परंड्याकडं गेला. पुन्हा त्या गावच्या शिवेत आला नाही.

दाजीरावाला मी राक्षस म्हणत नाही. कोकरू कोणी दिलं, रांधलं कोणी, खाल्लं कोणी, यात कोणालाच काही वावगं दिसलं नाही. हेच मला भयंकर वाटतं. न्याय द्यायला बसणारा माणूस कोणाच्या उपकारात नाही ना, दोन्ही बाजू ऐकून घ्यायचा धीर त्याच्यात आहे का, हे त्या गावानं पाहिलं नाही. घर किती मोठं, तेवढं पाहिलं.

आता आपल्या जिल्ह्यात पुन्हा न्यायपंच निवडले जातील. वाचणाऱ्यांनो, आजच आपल्या वॉर्डाच्या मेंबरच्या दारी जा. त्याला सांगा, बिनविरोध करू नकोस. जो उमेदवार असेल त्याला चावडीवर, चार माणसांदेखत विचार: सुनावणीच्या दिवशी तू जेवणार कुठं?

घरून भाकरी बांधून आणीन म्हणणारा भेटला, तरच हात वर कर म्हणावं.