चौथा रिमोट

मिक्सर चालू आहे की बंद, हे आमच्या आबांना कानाने कळत नाही. ते ओट्यावर तळहात टेकवतात. दारावर कुणी थाप मारली की त्यांना ती चटईवर बसल्या बसल्या तळपायाला लागते आणि कधीकधी ते माझ्याआधी उठतात. नवीन माणसाला ते बहिरे आहेत हे पहिली पाच मिनिटं लक्षातही येत नाही. मग समोरचा बोलता बोलता मान वळवतो आणि आबा तिथेच मागे राहतात.

आबा म्हणजे माझे सासरे, भिकन. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातून अठराव्या वर्षी एक पत्र्याची पेटी घेऊन ते सुरतेला आले आणि पुढची एकोणचाळीस वर्षं त्यांनी साच्यांवर काढली. साचा म्हणजे पॉवरलूम, इथे सगळे साचाच म्हणतात. एका कारीगराकडे आठ साचे असत. दोन रांगांमधल्या बोळातून बारा तास येरझारा घालायच्या आणि आठांपैकी कुठे धागा तुटला ते बघायचं. त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून बोलणं हातांनीच चाले. कान कधी गेले ते त्यांना नक्की सांगता येत नाही. पाच वर्षांपूर्वी शेठने जुने साचे काढून नवी यंत्रं बसवली, त्यावर तरुण मुलं घेतली, तेव्हा घरी बसल्यावर आबांना पहिल्यांदा कळलं, की खडखडाट थांबला तरी आपल्याला काहीच ऐकू येत नाही.

सासूबाई होत्या तोवर अडलं नाही. धुरपदाबाईंची एक सवय होती. काही सांगायचं असलं की हातातलं काम ठेवून त्या आबांच्या समोर येऊन बसायच्या आणि सावकाश बोलायच्या. आबा ओठ वाचायचे. त्या गेल्या त्याला तीन वर्षं होतील. आम्ही वाईट वागतो असं नाही, पण आम्ही चालता चालता बोलतो. माझी पाठ गॅसकडून वळत नाही, ह्यांची, म्हणजे गजेंद्रांची, हजिऱ्याच्या कारखान्यातली शिफ्ट, बस चुकू नये म्हणून निम्मं बोलणं जिन्यात. आणि हेतल, आमची अकरा वर्षांची, घरात मराठी, शाळेत गुजराती आणि मैत्रिणींशी हिंदी बोलते, तेही इतकं भरभर की मलाच धड कळत नाही.

यंदा गणपतीच्या पंधरा दिवस आधी आबांनी माळ्यावरची ती पत्र्याची पेटी खाली काढली. फडक्याने पुसली, कडीला तेल घातलं. मी विचारलं तर म्हणाले, "गणपती उठनात का मी गावले जास. आते तठेच ऱ्हासू."

कायमचे जातो म्हणत होते. गावात बंद घर, शेजारी एक चुलत भाऊ, बाकी कुणी नाही. ह्यांनी जोरजोरात समजावलं, जणू आवाज वाढवला की ऐकू येणार होतं. आबा मान हलवत राहिले. इथे काही त्रास आहे का, असं मी समोर बसून विचारलं. त्रास काही नाही, म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, की तिथेही कुणी बोलणार नाही, पण तिथे माणसंच नाहीत, त्यामुळे वाईट वाटायचं नाही.

त्याच आठवड्यात माझे दीर भूपेंद्र कामरेजहून आले आणि त्यांच्या घरी धूळ खात पडलेला गेमचा डबा हेतलला देऊन गेले. टीव्हीला जोडायचा डबा आणि चार रिमोट. त्यातला तिचा आवडता खेळ असा, की टोप्या घातलेली चार बुटकी माणसं पडद्यावर डावीकडून उजवीकडे पळत जातात. खड्डे येतात, झुलते पूल येतात, वरून फणसासारखं काहीतरी पडतं. एखादा खड्ड्यात पडला किंवा फार मागे राहिला, की तो एका फुग्यात बंद होऊन तरंगत राहतो. दुसऱ्या कुणी जवळ जाऊन फुगा फोडला, की तो पुन्हा पळायला लागतो. शेवटी चार दगड आहेत. चौघांनी एकदम चार दगडांवर उभं राहायचं, मग दार उघडतं आणि आतली घंटा वाजवायची.

आमच्या गोडादऱ्याच्या सोसायटीचं मंडळ दरवर्षी गणपतीत काही ना काही स्पर्धा ठेवतं. संगीत खुर्ची आणि रांगोळीला आता पोरं येत नाहीत, म्हणून मंडळाच्या पंडितभाऊंनी यंदा हाच खेळ पडद्यावर लावायचं ठरवलं. एका घरातले चौघे, एकत्र खेळणार. चौघांनी घंटेपाशी पोहोचायचं आणि वेळ मोबाइलवर मोजणार. हेतलने कुणालाही न विचारता आमचं नाव देऊन टाकलं. मी, ती, तिचे पप्पा आणि भूपेंद्रकाका. पण काका दुसऱ्या घरचे, चालणार नाहीत, असं पंडितभाऊंनी कळवलं. घरात चौथं माणूस एकच होतं.

हेतलने आबांच्या हातात लाल टोपीवाल्याचा रिमोट दिला आणि सांगितलं, "आबा, तुम्ही फक्त उभे राहा. शेवटच्या दगडावर आम्ही घेऊन जाऊ."

आबांनी रिमोट उलटसुलट करून पाहिला. कुठलं बटण काय करतं ते एकदाच विचारलं. मग नाकावर चष्मा चढवून बसले, आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी माझ्यापेक्षा बरे खेळले. मी माझ्या पिवळ्या टोपीकडे बघत असे, हे निळीकडे, हेतल हिरवीकडे. आबांची नजर मात्र पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असे, कुठेच ठरत नसे.

फक्त एक भलतीच खोड निघाली. आमच्यातलं कुणी पडलं की आबा खेळ थांबवायचे. रिमोटवर मधोमध थांबायचं बटण आहे, त्यावर त्यांचा अंगठा आपोआप जायचा. हेतल वाऱ्यासारखी पळत असायची, मी मागे खड्ड्यात, आणि पडदा गोठायचा. दर दोन मिनिटांनी तेच. हेतलने सांगून पाहिलं, ह्यांनी त्या बटणावर चिकटपट्टी लावून पाहिली. आबांनी अंगठ्याने ती सोलून काढली, आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी असंच झालं. हेतलने चिडून टीव्हीच बंद केला. पडद्याकडे तोंड करून, आबांकडे पाठ करून ती मला म्हणाली, "मम्मी, आबा नकोत. ते असले की आपण हरणारच. नाव काढून टाकू."

तिला वाटलं, पाठ आहे म्हणजे कळणार नाही. पण बंद टीव्हीची काच काळी आणि गुळगुळीत असते. त्यात तिचं तोंड स्वच्छ दिसत होतं. आबांनी काचेत बघून वाक्य पूर्ण वाचलं. रिमोट हळूच चटईवर ठेवला आणि आत जाऊन पेटीत कपडे भरायला लागले.

मी हेतलला टीव्हीसमोर उभं केलं. काचेत काय दिसत होतं तेवढं दाखवलं. तिचा चेहरा उतरला.

मग मी आत गेले, आबांच्या समोर जमिनीवर बसले आणि ओरडायचं नाही, भांडायचं नाही असं ठरवून एकच विचारलं, की ते बटण का दाबता. आबा धोतराची घडी घालत होते. ते म्हणाले, "धागा तुटना तर साचा बंद करो पडस. चालू साचावर धागा जोडता येस नही. तसाच चालू ठेवा तर पुरा कपडा खराब."

एवढंच होतं ते. एकोणचाळीस वर्षं हात ज्याला सरावले, ते काम ते करत होते. आम्ही त्याला खोड म्हणत होतो.

मग मी विचारलं, धागा तुटला हे शेजारच्या बोळातल्या कारीगराला कसं सांगायचे. आबांनी घडी खाली ठेवली. अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली, म्हणजे तुटला. तळहात खाली दाबला, म्हणजे तिथेच थांब. दोन बोटं पायांसारखी चालवली, म्हणजे माझ्यामागे ये. मूठ छातीवर टेकवली, म्हणजे तू राहू दे, मी बघतो. चहाची खूण होती, शेठ आल्याची होती, शेठची बायको आल्याची वेगळी होती, आणि ती करताना सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा मी आबांना हसताना पाहिलं.

हेतल दारात उभी राहून बघत होती. ती आत आली, आबांच्या समोर बसली आणि अंगठा-बोटं घासली. मग मूठ छातीवर ठेवली. तुटलंय, मी बघते. आबा उठले आणि म्हणाले, टीव्ही लाव. पेटी मात्र तशीच उघडी, कपडे अर्धे भरलेले.

राहिलेल्या चार दिवसांत आम्ही दोन गोष्टी शिकलो. आबांनी खेळ थांबवला की चिडायचं नाही, त्यांच्या हातांकडे बघायचं. आणि खेळ पुन्हा सुरू झाला की ते सांगतील तेच करायचं. ह्यांना हे जमायला वेळ लागला. कंपनीत पंधरा माणसं ह्यांचं ऐकतात, त्यामुळे घरी वडिलांच्या हातवाऱ्यांवर चालणं अवघड गेलं असणार. घरात तेवढ्यात एक वेगळंच सुरू झालं. मी पोळ्या लाटताना हेतल खुणेने पाणी मागू लागली, आणि आबा जेवताना खुणेने मीठ कमी असल्याचं सांगू लागले. पूर्वी ते न बोलता खात.

स्पर्धा सातव्या दिवशी संध्याकाळी, आरतीच्या आधी होती. मंडपात पांढरा पडदा, समोर चार खुर्च्या. पाच घरं खेळणार होती. पहिल्या घराने सात मिनिटांत घंटा वाजवली. दुसरं घर खेळत होतं, इतक्यात पुढच्या गल्लीतल्या मंडळाचं ढोल पथक सरावासाठी नेमकं आमच्या मंडपाच्या पाठीशी येऊन उभं राहिलं. पंडितभाऊ विनंती करायला गेले आणि ढोल थोडे पलीकडे सरकवून परत आले. आवाज तेवढाच. खुर्च्यांच्या खालची जमीन हलत होती. दुसऱ्या घरातले चौघे एकमेकांच्या कानात ओरडत होते, तरी चार दगडांवर एकदम काही उभे राहीनात. एक चढला की दुसरा उतरे. त्यांनी सोडून दिलं. तिसऱ्या घराचंही तेच झालं.

चौथं नाव आमचं. ह्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. आबांच्या चेहऱ्यावर मात्र मी जे पाहिलं ते कसं सांगू. ते खुर्चीत सैल बसले होते. त्या ढोलांची धडधड त्यांच्या तळपायांना लागत असणार. ही जागा त्यांच्या ओळखीची होती.

झुलत्या पुलावर हे पडले. हेतल पुढे निघून गेली होती, मी मध्येच. आबांनी बटण दाबलं. पडदा गोठला आणि मागून लोकांचा हिरमोड झाल्याचा आवाज आला असावा, कारण पंडितभाऊ मोबाइलवरच्या वेळेकडे बोट दाखवत पुढे आले. वेळ थांबणार नव्हती. आबा खुर्चीत आमच्याकडे वळले. बोटं घासली, निळ्या फुग्याकडे दाखवली. हेतलकडे तळहात दाबला. मला दोन बोटं चालवून दाखवली. मूठ छातीवर. मग बटण. लाल टोपी उलट्या दिशेने पळाली, फुगा फुटला, निळी टोपी पुलावर आली, मी तिच्यामागे, हेतल जिथल्या तिथे थांबलेली. अकरा वर्षांची मुलगी खेळात जिथल्या तिथे थांबते, हे ज्याच्या घरी मूल आहे त्यालाच कळेल.

असं तीन वेळा झालं. दगडांपाशी आबांनी चौथ्यांदा थांबवलं, एकेकाला दगड वाटून दिला आणि हात वर धरला. हात खाली आला की चढायचं. आला. दार उघडलं.

नऊ मिनिटं आणि काही सेकंद. पाचवं घर दगडांपाशीच अडकलं, म्हणून आम्ही दुसरे आलो. बक्षीस पोळ्यांचा डबा. हेतलला तो आबांनीच घ्यायला हवा होता, पण आबा तोवर ढोल पथकातल्या एकाला खुणेने विचारत होते, की हात दुखत नाहीत का.

त्या दिवसांत गावाचा विषय कुणी काढला नाही. मला धीर होत नव्हता. तिकीट आधीच काढलेलं होतं. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी ह्यांना हाक मारली. पेटी बंद होती, कुलूप लावलेलं. आबा म्हणाले, "गजेंद्र, पेटी माळावर ठेवी दे."

ह्यांनी पेटीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. आबांच्या खांद्याला एक पिशवी होती. पितृपक्ष लागतो आहे, धुरपदाबाईंचं श्राद्ध गावीच करायचं, पंधरा दिवसांत परत येतो, असं त्यांनी सांगितलं. हे स्टुलावर चढले. बाप खालून पेटी वर देत होता आणि मुलगा वरून घेत होता, आणि दोघांनी एकमेकांना खूण केली ती मी पाहिली. मूठ छातीवर.

उधन्याच्या स्टेशनवर आबांना गाडीत बसवून आलो. दुपारी हेतल गेमचा डबा काढून बसली, तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. मीही यावं, चौघी होतील, म्हणाली. मी हात पुसत आले तर रिमोट तीनच. गादीखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, पोळ्यांच्या डब्यातसुद्धा पाहिलं. लाल टोपीचा कुठेच नाही.

मग हेतलने माळ्याकडे बघितलं, आणि मीही. पेटीला कुलूप होतं, आणि तिची किल्ली आबा नेहमी कंबरेच्या करदोट्याला बांधतात.