कयाकची मागची जागा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खिडकी दिसते. खिडकीत शिलाईचं मशीन, मशीनवर वाकलेले मास्तर, आणि पलीकडे उतरत्या रस्त्याच्या टोकाला डोंगरांनी वेढलेलं तळं. प्रकाश सकाळचा, कोवळा. पाण्यावर एक लांबट लाल कयाक, दोघांनी वल्हवायची अरुंद होडी. तिच्यात पुढे बसलीय मास्तरांची बायको, मागे निवृत्त पोस्टमन. नाटकाला एवढी तीन माणसं पुरतात.

पाण्यावर आवाज फार लांब जातो. बायको हसली की ते हसू घरंगळत थेट खिडकीत यायचं आणि मास्तरांच्या मशीनचा दोरा तुटायचा.

मास्तर म्हणजे टेलर. गावाचे कोट, पडदे, गाद्यांचे अभ्रे सगळे त्यांनीच शिवलेले. पण नाव झालं ते घागऱ्यांमुळे. कयाकमध्ये प्रत्येकाला बसायला एक भोक असतं. त्यातून पाणी आत येऊ नये म्हणून वल्हवणारा कमरेला जाड रबरी कापडाचा घेर चढवतो आणि त्याची इलॅस्टिकची कड भोकाभोवती ताणून बसवतो. त्याला सगळे घागराच म्हणत. मिशाळ लाकूडतोडेसुद्धा भर रस्त्यात विचारायचे, "मास्तर, माझा घागरा झाला का?" घागऱ्याला पुढे एक पट्टी असते. कयाक उलटली की ती ओढायची. घागरा सुटतो, माणूस बाहेर. मास्तरांच्या शिलाईवर भरवसा असा, की नवा घागरा कोणी तपासूनही बघत नसे.

स्वतः मास्तर मात्र पाण्याला भ्यायचे. घोट्याच्या वर पाणी आलं की त्यांचा चेहरा उतरायचा. त्यामुळे मुलं नोकरीला लांब गेली आणि बायकोला वल्हवायची हौस आली, तेव्हा ती एकटी तळ्यावर जायला लागली. एका हंगामात पोस्टमन तिच्या मागच्या जागेवर बसला. तिथून मास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला कुठलंच औषध लागू पडेना.

पोस्टमन तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी. त्यात वावगं काही नव्हतं, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. खुपत होती ती वल्ही. दोघांची वल्ही एकदम वर यायची, एकदम पाण्यात जायची. मागचा माणूस पुढच्याच्या लयीत वल्हवतो, हा त्या खेळाचा नियमच. आणि लग्न झाल्यापासून बायको मास्तरांच्या मागून चालत एकच वाक्य म्हणत आली होती, "अहो, जरा हळू." ते कधीच हळू झाले नव्हते. हा परका माणूस मात्र आयुष्यभर सायकलवर एकटा फिरून, आता तिच्या लयीत चालला होता!

"एवढं काय बोलतो गं तो मागे बसून?" त्यांनी एकदा जेवताना विचारलं.

"काही नाही. तुम्ही भाजी वाढून घ्या."

हंगामाच्या सुरुवातीला पोस्टमन दुकानात आला. "मास्तर, घागरा पार विटलाय. नवा शिवून टाका. वहिनी म्हणतात, तुमच्यासारखं काम कुठे मिळायचं नाही."

"असं म्हणते का ती? इथे नाही म्हणत कधी," मास्तर म्हणाले आणि टेप काढली. पोस्टमनच्या कमरेचं माप बायकोच्या मापाशी तंतोतंत जुळलं. तेही त्यांच्या डोक्यात गेलं.

त्या गावात रीत होती. हंगाम सुरू होताना प्रत्येकाने धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात आपली कयाक मुद्दाम उलटी करायची, घागरा सोडवायचा आणि बाहेर यायचं. ज्याला जमलं नाही त्याला त्या हंगामात तळं बंद. मास्तरांनी शांतपणे पोस्टमनच्या घागऱ्याचं इलॅस्टिक आवळलं आणि पट्टी आखूड कापली. कड बसवली की पट्टी आतच दबून जाईल. पोस्टमन चार लोकांसमोर पालथा लटकेल, कोणीतरी कयाक सरळ करेल, टाळ्या पडतील, हशा होईल, आणि मागची जागा रिकामी होईल. बस, एवढंच.

परीक्षेच्या सकाळी मास्तर पहिल्यांदाच धक्क्यावर जाऊन बसले. गळ्यात नेहमीची छोटी कात्री नाडीला लटकत होती. ती काढायचंही भान नव्हतं. दोघं लाल कयाकमध्ये बसली होती. कोणीतरी ओरडलं, "व्हा उलटी!" कयाक कलली, तेव्हा मास्तरांना बायकोच्या कमरेवर कोरं कापड दिसलं. पोस्टमनचा नवा घागरा तिने घातला होता.

कयाक पालथी झाली. मागून पोस्टमन भसकन वर आला. पुढून कोणीच आलं नाही.

पोस्टमनने कयाक सरळ करायला खांदा लावला. ती निम्मी वळायची आणि परत पडायची. मास्तर उठले कधी, उडी मारली कधी, त्यांनाच कळलं नाही. पाणी छातीला लागलं. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि ते खाली गेले. तिथे सगळा काळोख. पण बोटांना आपली शिलाई ओळखू आली. कात्री घातली आणि कापड टराटरा उसवलं.

बायको वर आली ती खोकत, मास्तरांच्या सदऱ्याला धरून.

"माझंच चुकलं," पोस्टमन काकुळतीने सांगत होता. "वहिनींचा घागरा जुना, म्हटलं घरचं काम आहे, पहिल्यांदा तुम्हीच घाला. मलाही तो घट्टच झाला होता, तरी मीच जोर लावून बसवला. नवं कापड आखडलं असेल हो, मास्तर."

मास्तरांना सुटायला वाट आयती मिळाली होती.

दुपारी दुकानात बायकोने फाटका घागरा कापायच्या टेबलावर पसरला. तीही त्याच टेबलावर काजं-बटणं करून म्हातारी झाली होती.

"ही पट्टी आखडलेली नाही. कापलीय."

"तुझ्यासाठी नव्हती."

"ते कळलं मला. मग भाऊजी अडकले असते तर चाललं असतं?"

"नापास झाला असता फक्त. चार माणसं होती ना तिथे."

"मी होते तेव्हाही चार माणसं होती." तिने घागऱ्याची घडी केली, जणू तो पुन्हा कोणाला द्यायचाच होता. "त्यांना तुम्हीच जाऊन सांगायचं. मी मध्ये पडणार नाही."

पोस्टमनच्या दारात मास्तर बराच वेळ पायपुसण्यावर पाय पुसत राहिले. मग सगळं सांगितलं. पोस्टमन ऐकत राहिला. राग आला असावा, कारण बसा म्हणाला नाही. शेवटी म्हणाला, "आणि मला वाटलं, माझंच पोट सुटलंय!" मग म्हणाला, "मास्तर, ती मागची जागा आता तुम्हीच घ्या. माझा जीव तरी वाचेल."

मास्तरांनी स्वतःसाठी घागरा शिवला. माप बायकोने घेतलं. परीक्षेत ते दोनदा कयाक उलटण्याआधीच रडवेले होऊन धक्क्याला बिलगले, तिसऱ्यांदा उलटले आणि पास झाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत पोस्टमन पुढे होता, आणि मास्तरांना तेही खुपलं.

शेवटच्या प्रवेशात लाल कयाक काठाकाठाने चाललीय. मास्तरांचं वल्हं बायकोच्या वल्ह्यावर खटाखट आपटतंय. पाणी कपाळावर उडतंय. तरी डोक्यातलं जात नाही.

"एक विचारू? इथे बसून तो असं काय सांगायचा, की तू एवढी हसायचीस?"

"ते कुठे सांगायचे? मीच सांगायचे," बायको मागे न बघता म्हणाली. "तुमचे किस्से."

वल्हं पुन्हा आपटलं. तिने वल्हवणं थांबवलं आणि ती वाट बघत बसली. मास्तरांनी दम घेतला.

"मग पहिल्यापासून सगळे मलाही सांग. आणि अगं, जरा हळू."